पाच टक्क्यांची दया, पंच्याण्णव टक्क्यांच्या पायऱ्या

मंडळी, आजचा विषय दिसायला साधा आहे. घरातनं निघायचं आणि हवं तिथं पोचायचं. गुडघे साथ देतात तोवर तो साधाच वाटतो.

२०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमानं व्याख्येतच एक मोलाची गोष्ट केली आहे. नुसती शरीरातली उणीव म्हणजे दिव्यांगत्व, असं तो मानत नाही. ती उणीव आणि समोरचा अडथळा यांची गाठ पडते, तेव्हा माणूस समाजातनं बाजूला पडतो. म्हणजे बघा, अर्धं अपंगत्व गुडघ्यात आणि अर्धं पायरीत. गुडघ्याचं डॉक्टर बघतील. पायरी कुणी बांधली? तुमच्या-आमच्या घरपट्टीतनं बांधली.

आता आपल्याकडं स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. चांगलंच आहे. पण त्यातनं एक समजूत रुजली: पाच टक्के त्यांचे, पंच्याण्णव आपले. पाचातनं तीनचाकी सायकल द्यायची, आणि उरलेल्या पंच्याण्णवातनं ती जिथं अडकेल असा रस्ता करायचा! माझी टीका आहे ती या हिशेबावर. अमर्त्य सेन यांनी १९७९ च्या 'समता कशाची?' या व्याख्यानात हेच सांगितलं. वस्तू किती वाटल्या हे मोजून भागत नाही. त्या वस्तूनं माणसाला काय करता येतं, ते बघावं लागतं.

बरं, कायदा कमी पडतो का? असलेल्या सार्वजनिक इमारती नियम झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ लाच संपली. त्यातला सुगमतेचा नियम नुसत्या शिफारशीसारखा आहे, असं म्हणून सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ ला तो मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक नियम करायला सांगितलं. 'जमलं तर करा' याला हक्क म्हणत नाहीत.

आणि केलं तरी कसं करायचं? उताराचं प्रमाण एकास बारा. सहा इंचांची एक पायरी असेल तर सहा फूट उतार लागतो. तीन पायऱ्यांना अठरा फूट. तीन पायऱ्यांवर चार फुटांचा सिमेंटचा ढीग ओतला, तर त्याला रॅम्प नव्हे, घसरगुंडी म्हणायचं.

कोल्हापूरला हे नव्यानं शिकवायला नको. नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीवर बसून १९८४ साली इथं 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली. पण आपण अशा माणसांची जिद्द वाखाणतो आणि पायरी तशीच ठेवतो. रोज जिद्द दाखवल्याशिवाय बँकेत जाता येत नसेल, तर तो नियोजनाचा पराभव आहे.

कळंब्यात आणखी एक घोळ आहे. गाव ग्रामपंचायतीचं आणि शहर महापालिकेचं. हद्दवाढीवर आपण तावातावानं बोलतो. पण काठी टेकत तलावाकडं निघालेल्या म्हातारीला हद्द कुठं संपली हे कळत नाही. तिला रस्ता कुठं तुटला एवढंच कळतं. म्हणून पहिलं काम दोघांनी मिळून करावं: घर, बसथांबा, दवाखाना, बँक हा सलग रस्ता चाकाची खुर्ची घेऊन एकदा चालून बघावा.

आणि ग्रामसभेत एक ठराव मांडा. रस्ता, गटार, इमारत, कुठलंही काम असो. खुर्चीवरचा माणूस आणि काठीवाला माणूस तिथनं जाऊन आल्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघणार नाही. त्याला पाच टक्क्यांतला एक रुपयाही लागत नाही. उरलेले पंच्याण्णव टक्के नीट खर्च झाले म्हणजे झालं.