‘धन्यवाद’ दिसलं म्हणजे पोचलं का?

तुमच्या वेबसाइटचा संपर्क-फॉर्म चालतोय, हे तुम्हाला कसं कळतं? बहुतेक देखरेख-साधनं पान उघडतात. २०० कोड आला की हिरवा दिवा. माझा आक्षेप इथेच आहे. २०० म्हणजे पान मिळालं, ईमेल पोचली असं नव्हे. एप्रिल २०१४मध्ये याहूने डीमार्क धोरण कडक केलं. मग प्रेषक म्हणून फॉर्म भरणाऱ्याचाच याहू पत्ता लावणाऱ्या फॉर्मच्या ईमेल नाकारल्या जाऊ लागल्या. पडद्यावर मात्र ‘धन्यवाद’! म्हणून रोज बाहेरचा पत्ता घालून एक खुणेचा संदेश फॉर्ममधूनच पाठवा आणि तो इनबॉक्समध्ये शोधा. सापडला नाही तरच धोक्याची सूचना. नाहीतर लिहिणाऱ्याला वाटतं, तुम्ही उत्तर दिलं नाही. तुम्हाला वाटतं, कुणी लिहिलंच नाही.