जरीकाम आणि जमाखर्च : ख्रिस्ती पूजावस्त्रांच्या इतिहासाविषयीं

ख्रिस्ती देवालयांतील पूजावस्त्रांच्या इतिहासाचा विचार करतांना श्रीमती ग्रेस ख्रिस्टी यांचा इंग्लंडांतील मध्ययुगीन भरतकामावरील ग्रंथ वगळून चालत नाहीं. तो १९३८ मध्यें ऑक्सफर्ड येथें प्रसिद्ध झाला. दहाव्या शतकाच्या आरंभापासून चौदाव्या शतकाच्या अखेरपर्यंतचें भरतकाम हा त्याचा विषय असून उपलब्ध नमुन्यांची वर्णनात्मक सूचि त्यांत दिली आहे. ग्रंथकर्त्री स्वतः भरतकामांत निष्णात होत्या. त्यामुळें वस्त्राकडे केवळ चित्र म्हणून न पाहतां शिवणकाम म्हणून पाहण्याची दृष्टि त्यांच्यापाशीं होती. ग्रंथाची योग्यता निर्विवाद आहे. तथापि भरतकामाचा इतिहास म्हणजेच पूजावस्त्रांचा इतिहास, असें मानण्याचा जो प्रघात पडला आहे, तो आम्हांस मान्य नाहीं.

प्रथम वस्त्रांचा क्रम पाहूं. रोमन विधीच्या जुन्या परिपाठाप्रमाणें धर्मगुरू आधीं गळ्याभोवतीं व खांद्यांवर एक चौकोनी पांढरें वस्त्र घेतो. त्यावर पायघोळ पांढरा झगा घालतो. आणि सर्वांवर रेशमी, जरीचें बाह्यवस्त्र चढवितो. वेदीवर पांढरीं आच्छादनें असतात, त्यांवर भाकर व पात्र ठेवण्याचा रुमाल असतो, आणि पात्र पुसण्याचें लहान वस्त्र निराळें. हीं सर्व पांढरीं वस्त्रें जवसाच्या वाखाच्या कापडाचीं, म्हणजे ज्याला संस्कृतांत क्षौम म्हणतात त्याचीं असत. जरीचें वस्त्र पाण्यांत घालतां येत नाहीं. मानेचा घाम त्याला लागूं नये, हें काम आंतील पांढऱ्या वस्त्राचें. तें धुवावें, वाळवावें, विरल्यास रफू करावें आणि अखेर टाकून दुसरें शिवावें. क्षौम झिजलें म्हणून रेशीम टिकलें. जें टिकलें त्यावरूनच इतिहास लिहिला, तर ज्यानें टिकविलें तें सहजच लेखनाबाहेर राहतें.

धर्मशास्त्राची दृष्टि मात्र याच्या उलट होती. १९१७ च्या धर्मसंहितेंत असा नियम होता कीं, पूजेंत वापरलेला वेदीवरील रुमाल व पात्र पुसण्याचें वस्त्र हीं प्रथम उच्च दीक्षा घेतलेल्या पुरुषानेंच धुवावीं. त्याआधीं तीं मठवासिनींच्या हातींहि देऊं नयेत. आणि त्या पहिल्या धुण्याचें पाणी वाटेल तेथें न टाकतां त्यासाठीं राखलेल्या पवित्र कुंडांतच ओतावें. जरीच्या बाह्यवस्त्रासंबंधीं असा कडक नियम नव्हता. म्हणजे ज्या वस्त्राला धर्मानें सर्वांत अधिक जपलें, त्याचीच उपेक्षा इतिहासकारांनीं केली आहे.

फार काय, खुद्द जरीकामांतहि क्षौमाचें साह्य आहे. इंग्लंडच्या ज्या भरतकामाची तेराव्या व चौदाव्या शतकांत युरोपभर कीर्ति होती, त्यांत सोन्याचा धागा वस्त्राच्या दर्शनी बाजूवर पसरून ठेवीत. खालून क्षौमाचा दोरा घेऊन सोन्याच्या धाग्याचा बारीक फांसा मागच्या बाजूस ओढून घेत. त्यामुळें धरणारा दोरा वरून दिसत नसे, आणि वस्त्र जड जरीनें भरूनहि लवचिक राही. वरून पाहणारास केवळ सोनें दिसतें. तें कशानें धरलें आहे हें कळण्यास वस्त्र उलटावें लागतें.

आतां करणारांच्या नांवांकडे वळूं. डरहॅम येथें संत कथबर्टची कबर १८२७ मध्यें उघडली, तेव्हां तींत धर्मगुरूच्या गळ्यांतील पट्टा व मनगटावरील पट्टा अशीं दोन भरतकाम केलेलीं वस्त्रें सांपडलीं. त्यांवर टांक्यांनीं भरलेला लेख आहे. एल्फ्लेड राणीनें हें करविलें, असें एका टोकास. आणि धर्मशील बिशप फ्रिथेस्तान याच्यासाठीं, असें दुसऱ्या टोकास. त्यावरून त्या वस्त्रांचा काळ इ. स. ९०९ ते ९१६ च्या दरम्यान ठरतो. पुराव्याच्या दृष्टीनें लेख अमोल आहे. परंतु ताम्रपट वाचणाऱ्या आमच्या वाचकांच्या एक गोष्ट तत्काळ ध्यानांत येईल. आपल्याकडील अनेक ताम्रपटांत दाता आणि प्रतिग्रहीता यांच्यामागून लेखकाचें व कोरणाराचेंहि नांव येतें. येथें करविणारी आहे, घेणारा आहे, पण जिच्या हातानें तीं अक्षरें भरलीं गेलीं तिचें नांव नाहीं.

मग असें नांव कोठें मिळतें? जमाखर्चांत. इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याच्या दप्तरांत बरी सेंट एडमंड्स येथील मेबल या भरतकाम करणाऱ्या स्त्रीचा उल्लेख १२३९ पासून पुढें काहीं वर्षें येतो. राजासाठीं तिनें पूजावस्त्र केलें, त्याचा हा हिशेब. पुढें १२५६ मध्यें राजा त्या गांवीं गेला असतां तिला कापड व फर देण्याची त्यानें आज्ञा केली. ही स्त्री इतिहासास ज्ञात झाली ती सोन्यामुळें नव्हे, खर्चाच्या नोंदीमुळें.

हा विचार गोमांतकास विशेष लागू आहे. जुन्या गोव्यांतील सांता मोनिका मठांत २००२ पासून ख्रिस्ती कलेचें संग्रहालय आहे. तेथें पूजावस्त्रें पाहावयास मिळतात. रेशीम मकावमार्गें चीनमधून गोव्यास येत असे, हें प्रसिद्ध आहे. पण क्षौमाचें काय? आपल्याकडे जवस पिकवितात तें तेलासाठीं, धाग्यासाठीं नव्हे. आणि सुती कापड तर दाराशीं. १८१९ मध्यें रोमच्या विधिविषयक धर्ममंडळानें वेदीवरील रुमाल व पांढरे झगे यांसाठीं सुती कापड निषिद्ध ठरविलें. निषेध करावा लागला, यावरून सुताचा शिरकाव झाला होता असें अनुमान निघतें. तेव्हां गोव्याच्या देवालयांनीं क्षौम कोठून आणविलें, त्यास काय मोल दिलें, तें कोणीं शिवलें, आणि पावसाळ्याच्या दमट हवेंत तें कोणीं धुतलें व वाळविलें, हे प्रश्न किरकोळ नव्हत. १८३५ मध्यें गोव्यांतील पुरुषांचे मठ बंद झाल्यावर त्यांच्या हिशेबाच्या वह्या सरकारी दप्तरांत आल्या. ज्या दप्तरांतून पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें बाहेर काढलीं, त्याच दप्तरांत या प्रश्नांचीं उत्तरें शोधिलीं पाहिजेत.

यास्तव आमची सूचना अशी कीं, पुढें कोणी पूजावस्त्रांची सूचि करील तर त्यानें प्रत्येक वस्त्र उलटून पाहावें. अस्तर, शिवणी, ठिगळें व रफू यांची नोंद दर्शनी जरीइतक्याच काळजीनें करावी, आणि त्या देवालयाचे कापड, शिलाई व धुलाई यांचे हिशेब तिच्या शेजारीं ठेवावे. ठिगळ हा वस्त्राचा दोष समजून झांकण्याची रीत आहे. संशोधकानें तें साधन समजून वाचलें पाहिजे.