‘उत्थान’ या संज्ञेची चिकित्सा

खोल गाडले गेलेले रूपांतरित खडक पुन्हा भूपृष्ठावर कसे येतात, या प्रश्नाच्या चर्चेत ‘उत्थान’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या अर्थांनी योजिला जातो. समुद्रसपाटीच्या संदर्भात भूपृष्ठ उंचावणे हा पहिला अर्थ, त्याच संदर्भात खडक वर सरकणे हा दुसरा, आणि खडक व भूपृष्ठ यांमधील अंतर घटणे हा तिसरा. फिलिप इंग्लंड व पीटर मोल्नार यांनी १९९० साली हा भेद स्पष्टपणे मांडला. तिसऱ्या क्रियेस येथे ‘अनावरण’ म्हटले आहे. दुसरीतून तिसरी वजा केली म्हणजे पहिली उरते. खनिजांवरून कळणारा दाब व शीतनाचा काळ हे अनावरणाची साक्ष देतात; तेवढ्यावरून पर्वताच्या उंचीविषयी अनुमान काढणे तर्कदुष्ट होय.

‘अनावरण म्हणजे झीज’ हे समीकरणही तितकेच सदोष आहे. पूर्व लडाखमधील त्सो मोरारी येथे एक्लोजाइटातील गार्नेटच्या आत कोएसाइट सापडले आहे. सिलिकेचे हे दाट रूप निर्माण होण्यास सुमारे २७ किलोबार दाब, म्हणजे सुमारे ९० किलोमीटर खोली लागते. त्यावरील खडकांनी मात्र तेवढा दाब सोसल्याची खूण नाही. केवळ सरसकट झीज झाली असती, तर ही तफावत संभवली नसती.

उत्प्लावनाचा सिद्धांत येथे अधिक समर्थ ठरतो. प्रावरणाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ३.३ ग्रॅम असते. पट्टिताश्माची त्याहून कमी. एक्लोजाइट स्वतः प्रावरणाहून जड असतो. हलक्या पट्टिताश्मात वेढलेला असल्यामुळेच तो वर येऊ शकला. परंतु या सिद्धांतालाही मर्यादा आहे. भूकवचाच्या तळाशी सभोवतालची घनता कमी होते आणि उत्प्लावनाचा जोर ओसरतो. उरलेल्या वाटचालीसाठी सामान्य विभंग व झीज यांचाच आधार घ्यावा लागतो.

दाबावरून खोली काढताना वरील खडकांचा भार हेच दाबाचे एकमेव कारण मानले जाते, असाही एक आक्षेप आहे. तप्त व मृदू खडक मोठे प्रतिबल फार काळ पेलू शकत नाहीत. त्यामुळे या आक्षेपाचे बळ मर्यादित राहते, पण तो निकालात निघालेला नाही.

तात्पर्य, एकच कारण शोधण्याचा आग्रह सोडून प्रत्येक टप्प्याचे कारण स्वतंत्रपणे सिद्ध करावयास हवे. प्रबंधात ‘उत्थान’ हा शब्द लिहिण्यापूर्वी, काय वर आले आणि कशाच्या संदर्भात, हे अभ्यासकाने प्रथम सांगितले पाहिजे.