रेखाटित पात्र, सजीव नट आणि रसविघ्न : 'अवतार : द लास्ट एअरबेंडर'च्या दोन माध्यमांतरांना मिळालेला प्रेक्षकप्रतिसाद

प्रास्ताविक

लोकप्रिय ॲनिमेशन मालिकेचे 'लाइव्ह-ॲक्शन' रूप, म्हणजेच प्रत्यक्ष नटांच्या अभिनयातून घडविलेले पुनर्निर्माण, प्रसिद्ध होते तेव्हा तिच्या जुन्या प्रेक्षकांचा प्रतिसाद बहुधा तीव्र असतो. या तीव्रतेची संभावना 'बालपणीच्या आठवणींचा हळवेपणा' अशा एका शब्दप्रयोगात करून विषय संपविला जातो. प्रेक्षकाला मूळ कृतीची हुबेहूब प्रत हवी असते, ती मिळाली नाही की तो रुष्ट होतो, असे या भूमिकेमागील गृहीतक आहे. परंतु प्रतिसादाचे स्वरूप बारकाईने पाहिल्यास हे गृहीतक टिकत नाही. मोठे बदल प्रेक्षक निमूटपणे, प्रसंगी आनंदाने स्वीकारतात आणि वरवर क्षुल्लक वाटणारा एखादा बदल त्यांना असह्य होतो. असे का घडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी 'अवतार : द लास्ट एअरबेंडर' या अमेरिकन मालिकेची निवड केली आहे, कारण एकाच मूळ कृतीची २०१० व २०२४ अशी दोन सजीव माध्यमांतरे तिच्या बाबतीत तुलनेला उपलब्ध आहेत.

मूळ कृती

मायकेल दांते डिमार्टिनो व ब्रायन कोनिएट्झको यांनी निर्माण केलेली ही मालिका निकेलोडिअन वाहिनीवर फेब्रुवारी २००५ ते जुलै २००८ या काळात तीन पर्वांत व ६१ भागांत प्रसारित झाली. जल, पृथ्वी, अग्नी व वायू ही चार तत्त्वे देहाच्या हालचालींनी वश करण्याची विद्या (मूळ संज्ञा 'बेंडिंग') हा तिच्या विश्वाचा पाया होय. अग्निराष्ट्राने जगावर लादलेले युद्ध शंभर वर्षे चालू आहे आणि ते थांबवू शकणारा अवतार, बारा वर्षांचा आंग, हा सारा काळ हिमात गोठून राहिला होता. चार विद्यांच्या हालचालींसाठी ताइ ची, हुंग गार, उत्तर शाओलिन व बाग्वा या चिनी युद्धकलांचा आधार घेण्यात आला होता. पात्रांचा पोशाख, वास्तू, लिपी व आहार यांतही पूर्व आशियाई आणि आर्क्टिक प्रदेशातील मूलनिवासी संस्कृतींचे स्पष्ट संदर्भ आहेत. मालिका मुलांसाठी असली तरी वंशसंहार, अपराधभाव आणि पित्याने केलेला त्याग हे तिचे आशयघटक आहेत.

२०१० : संभावनेचा भंग

एम. नाइट श्यामलन दिग्दर्शित 'द लास्ट एअरबेंडर' हा चित्रपट जुलै २०१० मध्ये प्रदर्शित झाला. पहिल्या पर्वाचे वीस भाग त्यात १०३ मिनिटांत बसविण्यात आले. सुमारे १५ कोटी डॉलर निर्मितीखर्चाच्या या चित्रपटाने जगभरात सुमारे ३२ कोटी डॉलरचा गल्ला जमविला. तरीही समीक्षक व प्रेक्षक या दोघांनीही त्याला जवळजवळ एकमुखाने नाकारले. वर्षातील निकृष्ट चित्रपटांना दिल्या जाणाऱ्या रॅझी पुरस्कारांत तो सर्वांत वाईट चित्रपट ठरला. योजलेले पुढील दोन भाग निघाले नाहीत.

या चित्रपटातील एक प्रसंग प्रेक्षकांच्या टीकेत वारंवार येतो. मूळ मालिकेच्या सहाव्या भागात अग्निराष्ट्राने पृथ्वीविद्या जाणणाऱ्यांना समुद्रातील धातूच्या बंदिस्त मनोऱ्यावर कैद केले आहे. तेथे माती नाही, दगड नाही. म्हणून ते हतबल आहेत. काटारा ही मुलगी त्यांना लढण्याचे आवाहन करते, पण कोणी हलत नाही. पुढे तळघरातला दगडी कोळसा वर आणला जातो आणि मगच बंड शक्य होते. चित्रपटात हेच कैदी उघड्या जमिनीवर, मातीदगडांच्या सान्निध्यात ठेवलेले दिसतात. 'तुमच्या पायाखाली माती आहे' याची आठवण आंगने करून द्यावी लागते. प्रसंग तोच, संघर्षही तोच. केवळ स्थळ बदलले आहे. परंतु त्या बदलाने कैद्यांच्या हतबलतेचे कारणच नाहीसे होते. कैदी दुबळे न ठरता मूर्ख ठरतात. प्रेक्षक या प्रसंगाला हसले, ते मूळ प्रत बदलली म्हणून नव्हे. ज्याने मालिका कधीच पाहिलेली नाही, त्यालाही या प्रसंगात काहीतरी चुकल्याचे जाणवते.

अभिनवगुप्तांनी 'अभिनवभारती'त सात रसविघ्ने सांगितली आहेत. त्यांतील पहिले विघ्न 'संभावनाविरह' हे होय. जे दाखविले जात आहे ते संभवनीय वाटले नाही, तर प्रेक्षकाचे चित्त त्यात विसावूच शकत नाही. येथे संभवनीयता म्हणजे लौकिक जगाशी जुळणे नव्हे. माणूस हात फिरवून दगड उचलतो, हे लौकिकात अशक्यच आहे आणि त्याबद्दल कोणाचीही तक्रार नाही. कृतीने स्वतःच घालून दिलेला नियम कृतीनेच मोडला की संभावना संपते.

याच कारणाने त्याच प्रसंगातील आणखी एक दृश्य उपहासाचा विषय झाले. अनेक जण एकत्र येऊन लांबलचक हालचाली करतात आणि अखेरीस एक दगड संथपणे हवेतून जातो. मूळ मालिकेत हालचाल आणि परिणाम एकाच क्षणी घडतात. देह व तत्त्व यांच्यात अंतर नाही, हाच त्या विद्येचा अर्थ. चित्रपटात हालचाल आधी व परिणाम नंतर, त्यामुळे विद्येचे कवाइतीत रूपांतर झाले. भरताच्या परिभाषेत सांगावयाचे तर ॲनिमेशन हे मुळातच नाट्यधर्मी माध्यम आहे. त्यातील देह संकेतांनी बनलेला असतो. कॅमेऱ्यासमोरचा देह मात्र लोकधर्माकडे ओढला जातो. त्याला वजन असते, श्वास असतो, थकवा असतो. रेखाटित देहाचा संकेत सजीव देहावर जसाच्या तसा लादता येत नाही. त्याची नव्याने प्रतिष्ठापना करावी लागते. रॉजर इबर्ट यांनी चित्रपटाला अर्धा तारा देताना सजीव रूपांतराचा निर्णय हीच मूळ चूक मानली होती. हे मत मात्र जसेच्या तसे स्वीकारता येणार नाही. २०२३ साली नेटफ्लिक्सवर आलेल्या 'वन पीस' या आठ भागांच्या मालिकेचा नायक रबरासारखा ताणला जातो. तरी प्रेक्षकांनी तिचे स्वागत केले. मूळ चित्रकथाकार एइचिरो ओडा यांच्या सहभागाने घडलेल्या त्या मालिकेने आपल्या अतिशयोक्तीबद्दल कोठेही संकोच दाखविलेला नाही. अडचण माध्यमांतरात नसून संकोचात आहे.

उच्चार आणि वर्ण

श्यामलन यांच्या चित्रपटात नावांचे उच्चार बदलण्यात आले. मूळ मालिकेत 'अँग' असा उच्चारला जाणारा नायक 'आँग' झाला, 'सॉका'चा 'सोका', 'आयरो'चा 'ईरो'. इंग्रजी वळणाने 'ॲवटार' असा येणारा शब्द 'आवतार' असा, म्हणजे आपल्या संस्कृत मुळाच्या अधिक जवळ गेला. आशियाई उच्चारांशी प्रामाणिक राहणे हा यामागील हेतू होता. महे येथे जन्मलेल्या दिग्दर्शकाला तो महत्त्वाचा वाटावा, यात नवल नाही. मराठी प्रेक्षकाला तर 'ॲवटार' हाच उच्चार कानाला खटकणारा! तरीही मालिकेच्या प्रेक्षकांना हा बदल परका वाटला. संस्कृतीशी निष्ठा आणि कृतीशी निष्ठा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे येथे ध्यानी घ्यावयास हवे. मूळ निर्मात्यांनी 'अवतार' ही संकल्पना भारतीय परंपरेतून घेतली, पण तिला आपल्या विश्वात दुसरा देह दिला. त्या देहाचे नाव प्रेक्षकांच्या कानात तीन वर्षे घुमत होते.

उच्चारांच्या बाबतीत आशियाई प्रामाणिकपणाचा आग्रह धरणाऱ्या याच चित्रपटाच्या पात्रयोजनेत मात्र तो आग्रह दिसला नाही, आणि प्रेक्षकांचा सर्वांत गंभीर आक्षेप येथेच होता. डिसेंबर २००८ मध्ये मुख्य भूमिकांसाठी गौरवर्णीय कलावंतांची नावे जाहीर होताच निषेधाची पत्रे जाऊ लागली आणि त्यातून 'रेसबेंडिंग' ही संज्ञाच रूढ झाली. पुढे राजपुत्र झुकोच्या भूमिकेत देव पटेल आले. सेनानी झाओची भूमिका मुंबईत जन्मलेल्या आसिफ मांडवी यांनी केली. त्यामुळे आक्षेप शमला नाही, उलट धारदार झाला. नायकपक्ष गोरा आणि आक्रमक साम्राज्य सावळे, अशी विभागणी पडद्यावर उमटली. साम्राज्यवादाविरुद्धच्या कथेत ही विभागणी निरर्थक राहू शकत नाही.

रेखाटनाला वंश नसतो, असा बचाव यावर केला गेला. तो अर्धाच खरा आहे. रेघ कमी सांगते, म्हणून पाहणारा उरलेले भरून काढतो. पण तो ते शून्यातून भरत नाही. भिंतीवरील चिनी अक्षरे, वाटीतला भात, अंगावरची वस्त्रे ही त्याला दिशा देत असतात. आशियाई-अमेरिकन मुलांना या रेघेत स्वतःचा चेहरा दिसला होता. सजीव नटाची निवड होताच अनेक शक्यता मिटतात आणि एकच उरते. ती कोणती उरावी, हा प्रश्न हळवेपणाचा नाही, प्रतिनिधित्वाचा आहे.

२०२४ : आक्षेपांचे बदललेले रूप

नेटफ्लिक्सची आठ भागांची मालिका २२ फेब्रुवारी २०२४ रोजी आली. या वेळी आशियाई व उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी वंशाच्या कलावंतांची निवड झाली आणि २०१० चा प्रमुख आक्षेप मावळला. मूळ निर्माते मात्र सर्जनशील मतभेदांमुळे २०२० मध्येच या प्रकल्पातून बाहेर पडले होते आणि प्रेक्षकांची साशंकता तेव्हापासूनच सुरू झाली होती. मालिका मोठ्या प्रमाणावर पाहिली गेली. मार्च २०२४ मध्ये पुढील दोन पर्वांची घोषणाही झाली. तरीही असमाधान उरले आणि त्याचे स्वरूप अभ्यासण्याजोगे आहे.

मूळ मालिकेत आंग आपल्या गुरूपासून तोडले जाण्याच्या भीतीने मठातून पळून जातो. मागे त्याचे सर्व लोक मारले जातात. या पलायनाचा अपराधभाव हा त्याच्या पुढील प्रत्येक हास्याखाली दबलेला आहे. नव्या रूपात तो केवळ मन शांत करण्यासाठी, परतण्याच्या विचाराने बाहेर पडतो आणि वादळात सापडतो. दोष गेला आणि त्याबरोबर पात्राची खोलीही कमी झाली. सोकाच्या बाबतीतही असेच झाले. त्याचा स्त्रियांविषयीचा तुच्छताभाव सौम्य केल्याचे कलावंतांनी प्रदर्शनापूर्वीच्या मुलाखतीत सांगितले होते. हेतू सद्भावनेचा होता, यात शंका नाही. पण मूळ मालिकेच्या चौथ्या भागात क्योशी बेटावरील स्त्री-योद्ध्या त्याला हरवतात आणि तो त्यांचाच वेश घालून त्यांच्याकडे शिकायला बसतो. तुच्छताभावच नसेल तर या शिकण्याला कारण काय? क्षेमेंद्राच्या 'औचित्यविचारचर्चे'ची आठवण येथे सहज होते. दोष हाही उचित ठिकाणी असेल तर गुणाचे काम करतो. आजच्या नैतिक अपेक्षांना धरून पात्र आधीच निर्दोष करणारे लेखन त्याच्या सुधारणेची कथा हिरावून घेते.

याउलट, एक संपूर्णतः नवा प्रसंग प्रेक्षकांनी मनापासून स्वीकारला. मूळ मालिकेत झुको युद्धमंडळात नवख्या सैनिकांच्या तुकडीचा बळी देण्याच्या योजनेला विरोध करतो आणि त्यापायी पित्याकडून भाजला जाऊन हद्दपार होतो. त्या तुकडीचे पुढे काय झाले, हे तेथे सांगितलेले नाही. नव्या मालिकेत झुकोच्या जहाजावरचे खलाशी हेच ते ४१ व्या तुकडीतील सैनिक आहेत, असा उलगडा होतो. आपल्या तापट राजपुत्राने आपल्यासाठी काय गमावले, हे त्यांना कळते. ही भर मूळ कथेत नाही. पण मूळ कथेच्या गर्भात ती होती. प्रेक्षकाला केवळ नक्कल हवी असती, तर हा प्रसंग त्याने नाकारला असता. २०२१ मधील 'काउबॉय बीबॉप'च्या सजीव रूपाचे उदाहरण नेमके उलट आहे. तेथे मूळ संगीतकार योको कान्नो होत्या आणि शीर्षकदृश्यही जुन्याचे स्मरण देणारे होते. मात्र मूळ २६ भागांनी ज्या पात्रांविषयी मौन राखले होते, त्यांचा विस्तार करण्यात आला. प्रदर्शनानंतर तीन आठवड्यांच्या आतच ती मालिका बंद करण्यात आल्याचे जाहीर झाले.

प्रेक्षकाकडील विघ्न

येथवरच्या विवेचनावरून प्रेक्षक नेहमी बरोबरच असतो, असा समज होऊ नये. अभिनवगुप्तांच्या यादीतील दुसरे विघ्न कृतीकडून येत नाही, पाहणाऱ्याकडून येते. जे चालले आहे ते 'माझे' किंवा 'त्याचे' आहे अशा बंधनात चित्त अडकले, की साधारणीकरण होत नाही. २०२४ च्या प्रतिसादात हे विघ्न जागोजाग दिसते. संवाद कथन करीत राहतात, दृश्य दाखवीत नाही, हा आक्षेप रास्त आहे. प्रसंग सुचवायचे सोडून समजावून सांगण्याची खोड दोन्ही रूपांतरांना आहे. परंतु त्या संहितेचा दोष बालनटाच्या माथी मारणे, त्याचे हसू मूळ रेघेइतके रुंद नाही म्हणून त्याला कमी लेखणे, हे समीक्षण नव्हे. चेहऱ्याच्या निम्म्या भागावर पसरणारे हसू रेघेलाच शक्य आहे. तेथे प्रेक्षक समोरच्या पात्राला पाहतच नसतो. तो स्वतःच्या स्मरणातील पात्राशी त्याचे माप जुळवीत असतो. संभावनेचा आक्षेप आणि मालकीचा आक्षेप एकाच वाक्यात, एकाच स्वरात उच्चारले जातात, म्हणून ते वेगळे करणे कठीण जाते. कसोटी एकच संभवते : मूळ कृती न पाहिलेल्या प्रेक्षकालाही तो दोष जाणवेल काय?

ही कसोटीही सर्वत्र पुरी पडत नाही. मूळ मालिकेच्या दुसऱ्या पर्वात वृद्ध आयरो युद्धात मेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ टेकडीवर एकटा बसून एक छोटे गीत गातो. त्याला आवाज देणारे माको २००६ साली निवर्तले आणि तो कथांश त्यांनाच अर्पण करण्यात आला आहे. नव्या मालिकेत त्या मुलाच्या अंत्यविधीच्या प्रसंगी त्याच गीताची धून शब्दांवाचून वाजते. नवख्या प्रेक्षकाला ती एक शोकधून म्हणून पुरेशी आहे. जुन्या प्रेक्षकाला मात्र तीत टेकडी, झाड आणि आज हयात नसलेल्या नटाचा कापरा आवाज ऐकू येतो. येथे त्याचे 'स्वगत' स्मरण विघ्न ठरले नाही. निर्मात्यांनी त्याच स्मरणावर भिस्त ठेवून शब्द गाळले होते.