तिसऱ्या विश्वाची सोय : ‘द गॉड्स देमसेल्व्हज’चे पुनर्वाचन

आयझॅक असिमोव्ह यांची ‘द गॉड्स देमसेल्व्हज’ ही कादंबरी १९७२ साली आधी ‘गॅलॅक्सी’ आणि ‘इफ’ या दोन नियतकालिकांतून विभागून आणि मग पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही पुरस्कार तिला मिळाले. तिच्या वाचनाची एक रीत तेव्हापासून रूढ झाली आहे : फुकट मिळणारी ऊर्जा, तिच्या पोटात दडलेला सर्वनाश, धोक्याची घंटा वाजवणारा एकाकी संशोधक आणि कानांवर हात ठेवणारा समाज. शीर्षकही या वाचनाला अनुकूल आहे. शिलरच्या ‘ऑर्लिअन्सची कुमारी’ या नाटकातील मूर्खपणाविषयीच्या एका ओळीचे तीन तुकडे करून असिमोव्हने तीन भागांना नावे दिली आणि शेवटच्या तुकड्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवले. हवामानबदलाच्या चर्चेनंतर तर ही कादंबरी भविष्यवाणी ठरवली जाते. हे वाचन खोटे नव्हे. मात्र ते पहिल्या भागापाशीच थांबते.

पहिल्या भागातही मूर्खपणा हे कारण पुरेसे नाही. फ्रेडरिक हॅलम या सामान्य कुवतीच्या रसायनज्ञाच्या टेबलावरील धूळ खात पडलेल्या बाटलीत टंगस्टनऐवजी प्लुटोनिअम-१८६ सापडते. हे समस्थानिक आपल्या विश्वात असूच शकत नाही. तीव्र अणुकेंद्रीय बल जेथे अधिक प्रबळ आहे अशा समांतर विश्वातून ते आले आहे. येथे आल्यावर ते हळूहळू विघटित होऊन टंगस्टन-१८६ बनते आणि प्रत्येक अणुकेंद्रामागे २० पॉझिट्रॉन बाहेर पडतात; तिकडे उलट प्रक्रिया घडते. दोन्ही विश्वांना ऊर्जा मिळते, पण पदार्थाबरोबर त्या त्या विश्वाचे नियमही झिरपू लागतात. आपल्याकडे तीव्र बल वाढत गेले, तर सूर्याचा स्फोट अटळ आहे. पीटर लॅमाँटला हे उमगते. ते त्याला का उमगले, हे अधिक महत्त्वाचे. पंपाचे खरे जनक परविश्वातले लोक असावेत, असे सुचवताच हॅलमने त्याचा अपमान केलेला असतो. हॅलमही या शोधाला चिकटून राहिला तो डेनिसन नावाच्या सहकाऱ्याच्या कुत्सित उद्गाराने चिडून. म्हणजे सत्य आणि असत्य या दोहोंचा उगम श्रेयाच्या भांडणात आहे. असिमोव्हची ही निरीक्षणशक्ती त्याच्या गद्यापेक्षा श्रेष्ठ आहे. पात्रांची संभाषणे मात्र प्रयोगशाळेतल्या टिपणांसारखी कोरडी राहतात.

दुसऱ्या भागात या मर्यादा गळून पडतात. परविश्वातले ‘मृदू’ जीव तिघांच्या गटाने राहतात : बुद्धिप्रधान ओडीन, भावनाप्रधान दुआ आणि संगोपक ट्रिट. त्यांचे तारे विझत आले आहेत. ऊर्जा हेच त्यांचे अन्न आहे. तिसऱ्या अपत्यासाठी दुआने भरपूर ऊर्जा घ्यायला हवी, आणि ती तर अन्न टाळते. म्हणून ट्रिट ‘कठीण’ जीवांकडचा ऊर्जागोल चोरून तिला नकळत भरवतो. कादंबरीतला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग हाच. पंपाविरुद्ध एकटी उभी राहणारी दुआ त्या पंपाच्याच ऊर्जेवर, संमतीविना, गर्भवती होते. पंपाने पलीकडच्या विश्वाचा सूर्य फुटेल हे कठीण जीवांना ठाऊक आहे, आणि फुटला तर ऊर्जेची ददात मिटेल असा त्यांचा हिशेब आहे. येथे मूर्खपणाचा लवलेशही नाही. आपल्या विश्वात पोचणारे धोक्याचे तुटक संदेश दुआ पाठवते. पण कोणतीही भाषा येत नसलेल्या तिला केवळ खुणा गिरवता येतात. अखेर तिघे कायमचे एकरूप होतात आणि त्यांतून साकार होतो तो एस्टवाल्ड, म्हणजे पंपाचा निर्माताच. विरोधाचा आवाज दडपला जात नाही, तो निर्मात्यात विरघळतो. दुआचे पुढे काय झाले, हे कादंबरी कधीच सांगत नाही. त्या विश्वाकडे ती पुन्हा वळत नाही.

तिसरा भाग चंद्रावर घडतो. डेनिसन आणि सेलीन एक तिसरे विश्व शोधतात. तेथे सारे वस्तुमान एका पिंडात गोळा झालेले आहे आणि जीवसृष्टीची शक्यता नाही. तिकडून उलट दिशेची गळती आणली की पंपाचा धोका टळतो, आणि पंपही चालू राहतो. हे उत्तर शास्त्रीयदृष्ट्या डौलदार आहे, पण साहित्यदृष्ट्या ती पळवाट आहे. ज्या जागेतून कोणी ‘नको’ म्हणणार नाही अशी जागा सापडल्यामुळे प्रश्न सुटतो. डार्को सुव्हिनने विज्ञानकथेकडून अपेक्षिलेली ओळखीच्या जगाला अनोळखी करण्याची शक्ती दुसऱ्या भागात पूर्णपणे आहे. तिसऱ्यात ती सोयीपुढे माघार घेते.

पालघर जिल्ह्यातल्या वाचकाला ही सोय ओळखीची वाटेल. तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ साली सुरू झाले; पुढच्या दोन अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवावी लागली. नियोजनाच्या नकाशावर असा किनारा ‘विरळ वस्ती’चा म्हणून उमटतो. दक्षिणेकडे, वसईच्या पूर्वेस, गोखिवरे येथे वाढत्या शहराचा कचरा वर्षानुवर्षे येऊन पडला, तोही डोंगराच्या पायथ्याशी ‘मोकळी’ जागा होती म्हणूनच. वीज किंवा शहर नकोच, असे म्हणण्याचे हे निमित्त नव्हे. मुद्दा एवढाच की निर्जन विश्व ही कल्पना कादंबरीला जितकी सहज सापडते, तितके रिकामे प्रत्यक्षात काही नसते.

मराठीत याला जवळची कृती म्हणजे जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’. जमिनीखाली सापडलेल्या पेटीतून लुप्त प्रगत संस्कृतीचे ज्ञान हाती येते, त्यातून वामन हा यंत्रमानव घडतो आणि देणाऱ्यांचा नाश कशाने झाला ते उलगडते. नारळीकरांची पात्ररेखाटने असिमोव्हइतकीच सपाट आहेत. पण त्यांनी निवडलेल्या मिथकात तिसऱ्या पावलाचा प्रश्न आधीपासूनच आहे. दोन पावलांत सृष्टी संपते, आणि तिसरे पाऊल कोठे ठेवायचे याचे उत्तर बळीच्या मस्तकावर मिळते. महात्मा फुल्यांनी बळीला शेतकऱ्यांचा राजा म्हणून उभे केल्यावर मराठी वाचकाला ते मस्तक अमूर्त राहिलेले नाही. नारळीकरांनी मिथकाची ही बाजू फारशी फुलवली नाही, हे खरे. तरी त्यांच्या कथेत देणगी नाकारण्याची जबाबदारी घेणाऱ्यांवरच येते, तिसरे विश्व मदतीला धावत नाही.

असिमोव्हच्या कादंबरीचा शेवट अपत्याच्या इच्छेवर होतो. सेलीनला दुसऱ्या मुलाची परवानगी मिळालेली असते आणि डेनिसनने पिता व्हावे असे ती स्वतः त्याला विचारते. टीकाकार हा प्रसंग बहुधा सुखान्त म्हणून पुढे ढकलतात. दुआच्या तिसऱ्या अपत्याशेजारी तो ठेवून वाचला, तर सेलीनला मिळालेली विचारण्याची मुभा दुआला कोणत्याच क्षणी मिळाली नव्हती, हे दिसू लागते.