मढं कोण ओढणार?

मंडळातल्या पोरांनी मला सांगितलं, तुला सिनेमाचं येड आहे, तर आपल्या लोकांनी बघावेत असे पाच-सहा जुने क्लासिक सिनेमे लिहून दे. चौदा एप्रिलच्या आधी दर शनिवारी रात्री एक दाखवू. मी सुरतेकडं कापडाच्या गिरणीत साच्यावर असतो, सुट्टी मिळाली की विसरवाडीला येतो. नवापूर स्टेशनात उतरायचं. ते स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथून जीप. यादी मी गाडीतच लिहिली. दोन शनिवारांत ती यादी फाटली. का फाटली तेच लिहितो. ह्याला समीक्षा म्हणा नाहीतर भांडण म्हणा.

आधी माझं सांगतो. आम्ही एका खोलीत आठ जण पाळीपाळीनं झोपतो. एक जण मोबाईल लावतो, चार जण मान वाकडी करून बघतात. 'दीवार' (१९७५) किती वेळा बघितला त्याचा हिशेब नाही. गोदीतला हमाल, ७८६ चा बिल्ला. बघताना आजही मुठी आवळतात. पण हमालाचं आडनाव वर्मा! मुंबईच्या गोदीत नि गिरण्यांत आपले आजे-पणजे घाम गाळून मेले, त्यांचं आडनाव पडद्याला परवडलं नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्याला साचेखात्यात घेत नव्हते. का, तर तुटलेला धागा तोंडाच्या थुंकीनं ओला करून जोडायचा, नि आपली थुंकी बाटवणारी. पगार तिथं जास्त, म्हणून तिथली दारं बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मारला. मी रोज धागा जोडतो तेव्हा हे आठवतं. केवढा मोठा सीन आहे हा! मी बघितलेल्या एकाही क्लासिकात नाही. म्हणून सिनेमा बघताना मी आधी हात बघतो. काम कोणाचे हात करतात? नि कोणी हात आखडता घेतो का?

माझ्या यादीत पहिला होता 'अछूत कन्या' (१९३६). बॉम्बे टॉकीज, दिग्दर्शक जर्मन, फ्रान्झ ऑस्टेन. देविका राणी रेल्वे फाटकवाल्याची पोर, अशोककुमार बामणाचा पोरगा. शेवटी पोर रूळावर गाडी थांबवायला जाते नि मरते. साल लक्षात घ्या. १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला बाबासाहेबांनी सांगून टाकलं होतं की हिंदू म्हणून मरणार नाही. १९३६ ला लाहोरवाल्यांनी त्यांचं भाषण नाकारलं, ते त्यांनी स्वतः छापलं. त्याच साली पडद्यावरची अस्पृश्य पोर गावासाठी मरून देवी होते. बघा जरूर, पण तारखा शेजारी ठेवून बघा.

दुसरा 'सुजाता' (१९५९), बिमल रॉय. हा आम्ही पहिल्या शनिवारी लावला. समाजमंदिराच्या भिंतीवर चादर बांधली. हायवेवरून सुरत-धुळं ट्रकची रांग, प्रत्येक ट्रकचा उजेड चादरीवर येतो नि नूतनचा चेहरा पुसला जातो. तरी लोकांनी शेवटपर्यंत बघितला, बायांनी डोळे पुसले. खोटं कशाला बोलू, मीही पुसले. नूतन काय काम करते! बोलत नाही नि सगळं सांगते. सुलोचनाबाई तिची पाळणारी आई. ती सुजाताला मुलगी म्हणत नाही, मुलीसारखी म्हणते. त्या 'सारखी'त सगळी वर्णव्यवस्था बसलेली आहे, नि बिमल रॉयना ती दिसली, हे मान्य.

पण पुढं काय करतात? पोर जीव द्यायला घाटावर जाते, तिथं गांधीजी पुतळ्यातून तिला वाचवतात. आई जिन्यावरून पडते, रक्त लागतं, रक्त जुळतं फक्त सुजाताचं. मग आईचं मन फिरतं. म्हणजे आपण माणूस आहोत ह्याचा दाखला बाटलीभर रक्त दिल्यावर मिळणार! १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो माणसांनी कोणाच्याही दाखल्याची वाट न बघता धर्म टाकला, त्याला तीन वर्षं झाली होती. सिनेमात त्याचा वाराही नाही. फिल्म सोसायटीवाले ह्याला 'संयत' म्हणतात, 'तरल मानवतावादी' म्हणतात. संयम कोणाचा? रक्त तर आमचंच गेलं ना.

सिनेमा संपल्यावर मंडळातला एक दादा म्हणाला, चांगला होता, उगा खोड काढू नको. तिथून भांडण सुरू झालं.

मग 'आक्रोश' (१९८०) लावू म्हणालो. गोविंद निहलानींचा पहिला सिनेमा, लेखन तेंडुलकरांचं. आपल्या भागाला तो जवळचा, कारण लहान्या भिकू आदिवासी आहे. बायकोवर बड्या लोकांनी अत्याचार केला, तिला मारलं, नि खुनाचा आरोप लहान्यावर. तो कोर्टात एक शब्द बोलत नाही. ओम पुरींचे डोळे बघा, बाकी अभिनय शिकवणाऱ्या शाळा बंद करा. पण माझ्या शेजारच्या साच्यावर एक भिल्ल दोस्त आहे. आम्ही दोघांनी तो रातपाळीनंतर बघितला. तो म्हणाला, "लहान्या बोलत नाही, कारण लिहिणाऱ्याला त्याची बोली येत नव्हती." मी गप्प झालो. आजही मला वाटतं तो अर्धाच बरोबर आहे. बोललं की अजून मार पडतो, हे ज्यानं भोगलंय त्याचं गप्प राहणं लेखकानं उसनं आणलेलं नसतं. पण उरलेलं अर्धं मला खोडता येत नाही. बोलायचं काम भास्कर कुलकर्णी वकिलाकडं, तळमळ त्याची, दमछाक त्याची. शेवटी लहान्याची कुऱ्हाड चालते ती कोणावर? स्वतःच्या बहिणीवर, तिची अब्रू जाऊ नये म्हणून. ठेकेदाराचा माणूस दोन हातांवर उभा असतो.

ह्या सिनेमात माझ्या मते सर्वांत मोठा माणूस लहान्या नव्हे, दुसाने. सरकारी वकील, अमरीश पुरी. तो स्वतः आदिवासी. फोनवर त्याला जातीवरून शिव्या येतात, तो ऐकतो नि फोन ठेवतो. सकाळी कोर्टात आपल्याच माणसाच्या विरोधात उभा राहतो. सूटबूट, इंग्रजी, पत्ते, क्लब. हा माणूस मी नंदुरबारला बघितलाय, नवापूरला बघितलाय, आणि दोस्तहो, आपल्या वाड्यातूनही तो तयार होतोय. आपण शिकतो ते कशासाठी, हा प्रश्न लहान्या विचारत नाही, दुसाने विचारतो. 'आक्रोश' बघाल तर त्याच्यासाठी बघा.

'जैत रे जैत' (१९७७) मी यादीतून काढला. गाणी मला पाठ आहेत, तरी काढला. ठाकरवाडी, डोंगर, मोहळ, सगळं सुंदर. एवढं सुंदर की सावकार नाही, जंगलखातं नाही, भूक सुद्धा सुंदर. इथली पोरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, त्यांना आदिवासीपण असं वाटीत घालून दाखवायचं मला जमेना. जब्बार पटेलांचाच 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (२०००) मात्र बघा. मामुटींनी जीव ओतलाय. फक्त अगरबत्ती लावून बघू नका, तो सिनेमा आहे.

दुसऱ्या शनिवारी लावला 'सद्गती'. सत्यजित राय, १९८१, दूरदर्शनसाठी केलेला, तासाभराचाही नाही. गोष्ट प्रेमचंदांची. शूटिंग रायपूरकडच्या खेड्यांत झालं. आपल्या दारावरून जाणारा हाच हायवे धुळं-नागपूर करत रायपूरला जातो, हे मी लोकांना आधीच सांगितलं. म्हटलं, लांबचं समजू नका.

दुखी चांभार पोरीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढायला बामणाकडं जातो. तापातून नुकता उठलेला. बामण म्हणतो, आधी ओसरी झाड. मग भुसा वाहा. मग हा ओंडका फोड. ओंडका फुटत नाही. राय तो ओंडका पुन्हा पुन्हा दाखवतात. कुऱ्हाड पडते, गाठ तशीच. पोटात अन्न नाही. संगीताचा रडका सूर नाही, पुतळा नाही, वचन नाही. नुसतं काम. बारा तास उभं राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, त्याच्या खांद्यातच ते दुखतं. दुखी मरतो. कुऱ्हाड ओंडक्यात रुतून राहते.

इथपर्यंत आपण नेहमीसारखे मेलो. पण पुढं एक गोंड आहे. आदिवासी माणूस. तो दुखीला काम करताना बघून गेलेला असतो. तो चांभारवाड्यात जाऊन सांगतो, मढ्याला हात लावू नका. नि कोणी लावत नाही! पाऊस पडतोय, मढं विहिरीच्या वाटेत, बामणांना पाणी भरायला जाता येईना. संपच तो, दुसरं काय? पहाटे पंडितजी स्वतः येतात. हात लावायचा नाही म्हणून काठीनं पाय उचलतात, दोरीचा फास टाकतात, नि ओढत ओढत मेलेली ढोरं टाकतात तिथं नेऊन टाकतात.

मोहन आगाशे दोरी ओढत होते, तेव्हा माझी मोठी आत्या अंधारात मोठ्यानं बोलली, "आते तेना हातमा दोर उना." आत्याच्या सासऱ्यानं गावची ढोरं ओढलेली. सगळे हसले, नि मग एकदम गप्प झाले. १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या ढोराचं मांस सोडा, ही कामं सोडा. जुलै २०१६ ला शेजारच्या गुजरातेत उन्याच्या पोरांना गाईचं कातडं काढताना मारलं, तेव्हा सुरेंद्रनगरला आपल्या लोकांनी मेलेली ढोरं कलेक्टर कचेरीपुढं नेऊन टाकली. तुमची गाय, तुम्ही ओढा. रायांचा शेवटचा सीन नि ती कचेरी मला एकाच सिनेमातली वाटते.

पण 'सद्गती'लाही भोक आहे. तो वाडा हात लावत नाही तो गोंडानं पोलिसाची भीती घातली म्हणून. वाड्याला चेहरा नाही, एकही माणूस नावानं बोलत नाही. नकार दिसतो, नकार देणारा दिसत नाही.

हे मी उठून सांगत होतो तर कॉलेजात जाणारी एक पोरगी म्हणाली, "दादा, तुमच्या तिन्ही सिनेमात एकच बाई आहे." खरंच. 'आक्रोश'मधली नागी, 'जैत रे जैत'मधली चिंधी, 'सद्गती'तली झुरिया, तिन्ही स्मिता पाटील. शिरपूरच्या पाटलांची लेक, आपल्या खानदेशातली, तिच्यासारखी नटी पुन्हा झाली नाही. पण नागी मरते, चिंधी मरते, झुरिया पावसात बामणाच्या दारात रडते. पोरगी म्हणाली, "आम्ही फक्त रडायला नि मरायला का? आणि आमच्यातली कोणी का नाही?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. 'कोर्ट' (२०१४) चांगला, वीरा साथीदारांसारखा चळवळीतला खरा माणूस त्यात शाहीर झाला, 'जय भीम कॉम्रेड' (२०११) तर प्रत्येक शाखेत दाखवावा, असं मी काहीबाही बोललो. तिनं ते विचारलंच नव्हतं.

पुढच्या शनिवारी 'फँड्री' (२०१३). जुना नाही म्हणून एक-दोघांची कुरकूर आहे. मी म्हणतो, क्लासिक व्हायला किती वर्षं लागतात ते आपण कोणाला विचारायचं? ज्याच्या डोळ्यानं बघायचं तोच त्यात कॅमेऱ्यामागं उभा आहे. जब्याचं कुटुंब डुक्कर काठीला बांधून भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या, फुल्यांच्या चित्रांपुढून नेतं, ती दोन मिनिटं मी अजून नीट बघू शकलेलो नाही. तिथंही ओझं आपल्याच खांद्यावर. पण शेवटी धोंडा सरळ आपल्यावर येतो.

जुनी चादर ट्रकच्या वाऱ्यानं फाटली. मी गिरणीतून डागी कापडाचा तुकडा स्वस्तात घेऊन येतोय, माझ्याच साच्यावरचा. त्या पोरीला सांगितलंय, सिनेमा संपला की पहिलं तू उठून बोलायचं, मी नाही. तिनं अजून हो म्हटलेलं नाही.