एक खेळ आणि तीन कादंबऱ्या

खेळानें मुलाचें शील घडतें, हें वाक्य आपल्याकडे आतां इतकें रूढ झालें आहे कीं, तें प्रथम कोणीं म्हटलें व कोणत्या आधारावर म्हटलें, याची चौकशी करावी असें कोणास वाटत नाहीं. पारितोषिक-समारंभाचे अध्यक्ष तें उच्चारतात, मुख्याध्यापक त्यास दुजोरा देतात, आणि मुलगा अभ्यासांत मागें पडूं लागला म्हणजे आईबापही त्यांतच समाधान शोधतात. या समजुतीचा उगम शोधूं गेल्यास तो इंग्लंडांतील श्रीमंत वसतिगृह-शाळांत सांपडतो. आणि तेथेंही तो कोणा शिक्षणशास्त्रज्ञाच्या ग्रंथांत नसून एका कादंबरींत सांपडतो. टॉमस ह्यूज याची ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ ही ती कादंबरी. तिच्या आधीं चार वर्षें निघालेली विल्यम डेलाफील्ड अर्नोल्ड याची ‘ओकफील्ड’ व तिच्यानंतर साठ वर्षांनीं निघालेली ॲलेक वॉ याची ‘द लूम ऑफ यूथ’ या दोन कादंबऱ्या तिच्या दोहों बाजूंस ठेवून पाहिल्या, म्हणजे शाळकरी रग्बीच्या पंथाची कुंडलीच समोर मांडल्यासारखी होते. तेवढेंच काम आम्हीं या लेखांत योजिलें आहे.

ज्या वाचकांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. एकेका बाजूस पंधरा गडी, चेंडू अंडाकृति, तो हातीं घेऊन धांवण्याची मुभा, मात्र सोबत्यास तो हातानें द्यावयाचा तर पुढें देतां येत नाहीं, मागें किंवा बाजूसच द्यावा लागतो. चेंडू घेऊन पळणाऱ्यास मिठी घालून खालीं पाडणें हें प्रतिपक्षाचें कर्तव्य. आमच्या हुतूतूंत धरपकड आहे. पण ती एका लहान अंगणांत व एका श्वासाच्या मर्यादेंत होते. येथें मर्यादा घड्याळाची आहे, आणि पावसाळी हवेंत चिखलानें माखलेलीं तीस मुलें तासाहून अधिक वेळ एकमेकांवर आदळत असतात. आधीं घाबरविणारा व मग खिळवून ठेवणारा असा हा देखावा आहे, यांत शंका नाहीं.

ह्यूज स्वतः १८३४ पासून १८४२ पर्यंत रग्बी येथील शाळेंत होता. १८५७ सालीं ‘एक माजी विद्यार्थी’ एवढीच सही घालून त्यानें आपली कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्यांतील चेंडूच्या सामन्याचें प्रकरण हें तिचें खरें हृदय होय. नुकताच गाडींतून उतरलेला टॉम त्याच दिवशीं मैदानावर जातो. स्कूल-हाउसचीं पन्नास-साठ मुलें एका बाजूस आणि उरलेली सारी शाळा दुसऱ्या बाजूस, असा तो विषम झगडा आहे. अखेरच्या आणीबाणीच्या क्षणीं हा पोर धांवत्या मोठ्या मुलांच्या पुढ्यांत चेंडूवर अंग टाकतो. वर ढीग पडतो. आणि खालून तो निघतो तेव्हां त्याचा श्वास कोंडलेला असतो. पुढाऱ्याच्या तोंडून मिळालेला शाबासकीचा एक शब्द म्हणजे त्याची शाळेंतील खरी मुंज. हें प्रकरण आम्ही पुनः पुनः वाचलें आहे, आणि प्रत्येक वेळीं लेखकाच्या हातोटीचें कौतुक वाटलें आहे. लहान मुलाच्या उंचीवरून मोठ्यांचें रण कसें दिसतें, हें त्यानें अचूक टिपलें आहे. त्याच रात्रीं त्या पुढाऱ्याचें भाषण होतें, आणि बालिओल कॉलेजची शिष्यवृत्ति मिळविण्यापेक्षां लागोपाठ दोन सामने जिंकणें मला अधिक आवडेल, असें तो मोकळेपणीं सांगतो. वाचक हंसतो, पण हंसतां हंसतां एक पंथ जन्मास आला आहे हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं.

येथें आमचा पहिला आक्षेप आहे. कादंबरींत ज्यांची छाया सर्वत्र पसरली आहे ते डॉक्टर टॉमस अर्नोल्ड १८२८ पासून १८४२ पर्यंत त्या शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांच्या दृष्टीनें आधीं धर्म व नीति, मग सभ्य वर्तन आणि त्यानंतर बुद्धि, असा क्रम होता. या क्रमांत चेंडूस स्थान नव्हतें. ह्यूजनेंही उत्तरार्धांत आर्थर नांवाच्या नाजुक, श्रद्धाळु मुलाच्या संगतींत टॉमचें मन कसें पालटलें हेंच दाखविलें आहे. परंतु लोकांनीं प्रार्थना करणारा आर्थर विसरून चेंडूवर पडणारा टॉम तेवढा लक्षांत ठेवला. कादंबरीकाराचें वर्णन त्याच्या उपदेशाहून बलवत्तर ठरलें, म्हणजे असें होतें. फ्रान्सांतील बॅरन द कूबेर्तां यानें ही कादंबरी वाचून रग्बीच्या चॅपेलची यात्रा केली आणि अर्नोल्ड हा क्रीडाधर्माचा प्रवर्तक आहे असा निश्चय करून घेतला. १८९६ च्या ऑलिंपिकच्या पुनरुज्जीवनामागें कादंबरीवाचनाचा हा एक धागा आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ह्यूजच्या रग्बींत दुसरी शाळाच नाहीं. ज्यांच्याशीं झुंजावयाचें तीं मुलें एकाच वर्गांत बसणारीं व एकाच चॅपेलमध्यें प्रार्थनेस जाणारीं होतीं. शाळा विरुद्ध शाळा हा प्रकार निराळ्या ठिकाणीं वाढला. एडिंबरो अकॅडमी व मर्चिस्टन या दोन शाळांचा सामना १८५८ सालीं सुरू झाला आणि शाळकरी रग्बींतील अतिशय जुन्या परंपरांत आज त्याची गणना होते. एडिंबरोजवळच्या लोरेटो शाळेचा चालक हेली हचिन्सन आमंड हा १८६२ पासून १९०३ पर्यंत या नव्या पंथाचा आचार्य होता. उघड्या खिडक्या, थंड पाण्याचें स्नान, सैल कपडे आणि रोजचा व्यायाम हे त्याचे नियम; चेंडू स्वतःपाशीं न ठेवतां सोबत्यास देण्याची कला वाढविण्यांतही त्याच्या शाळेचा मोठा वांटा आहे. १८७१ सालीं एडिंबरो येथें स्कॉटलंड व इंग्लंड यांचा पहिला सामना झाला, तेव्हां पंचांत तो होता. एका वादग्रस्त निर्णयाविषयीं त्यानें पुढें म्हटलें कीं, पंचास शंका आली असतां जी बाजू अधिक आरडाओरडा करते तिच्याविरुद्ध निकाल द्यावा. बहुधा चूक तिचीच असते. या विनोदांत मोठें शहाणपण आहे, आणि पुढील हकीकतीसाठीं वाचकांनीं तें ध्यानांत ठेवावें.

दोन शाळांमध्यें सामना होऊं लागला कीं त्याला हंगाम येतो, मागील पराभवाचा हिशेब येतो, आणि रेषेबाहेर प्रेक्षक येतात. सप्टेंबरांत शाळा उघडल्यापासून नाताळपर्यंत दर शनिवारीं दुपारीं एक नवी शाळा समोर असते. माजी विद्यार्थी कोट घालून व आईबाप छत्र्या घेऊन उभे राहतात. निकाल वर्तमानपत्रांत छापला जातो. इंग्लंडांत १९९१ पासून शाळांच्या राष्ट्रीय चषकाचा अखेरचा सामना ट्विकनमच्या भव्य मैदानावर होऊं लागला. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आतां घराण्याचा, संस्थेचा व प्रवेश-शुल्काचाही प्रतिनिधि होतो. आत्मत्याग शिकविणाऱ्या खेळाचें प्रतिष्ठेच्या व्यापारांत रूपांतर होण्यास यापलीकडे काय लागतें? कुळाला जसा मूळपुरुष लागतो तसा तो या खेळालाही लागला. १८२३ सालीं विल्यम वेब एलिस या मुलानें नियम मोडून चेंडू हातीं घेतला व तो धांवत सुटला, ही कथा प्रथम १८७६ सालीं, म्हणजे एलिसच्या मृत्यूनंतर, लिहिली गेली. माजी विद्यार्थ्यांनीं चौकशी केली तेव्हां, आपल्या वेळीं ही कथा ऐकूं येत नव्हती, असें खुद्द ह्यूजनेंच कळविलें. तरीही १९०० सालीं शाळेंत त्या कथेची शिला बसलीच, आणि जागतिक स्पर्धेचा चषकही एलिसच्याच नांवाचा आहे.

खरे नियम लिहिले तीन विद्यार्थ्यांनीं, १८४५ सालीं. त्यांतील एक सतरा वर्षांचा विल्यम डेलाफील्ड अर्नोल्ड, म्हणजे डॉक्टर अर्नोल्डांचा मुलगा. आम्हां हिंदी वाचकांस या नांवाचें विशेष अगत्य वाटावें. तो १८४८ सालीं कंपनीच्या सैन्यांत येथें आला, पुढें पंजाबांत शिक्षणखात्याचा मुख्य झाला, आणि १८५९ सालीं स्वदेशीं परतत असतां जिब्राल्टर येथें वारला. त्याची ‘ओकफील्ड’ १८५३ सालीं ‘पंजाबी’ या टोपणनांवानें निघाली. कलाकृति म्हणून ती दुबळी आहे. पात्रें बोलतात फार आणि घडतें थोडें. परंतु तिचा प्रश्न जळजळीत आहे. लष्करी भोजनगृहांतील इंग्रज तरुण धाडसी आहेत, शरीरानें तयार आहेत. मग ते इतके हलके कां वागतात? नायक द्वंद्वयुद्ध करण्याचें नाकारतो, आणि सोबती त्यास भेकड ठरवितात. टॉम ब्राउनचें धैर्य म्हणजे सर्वांच्या डोळ्यांदेखत अंग झोकून देण्याचें. ओकफील्डचें धैर्य म्हणजे सर्वांच्या डोळ्यांदेखत तसें न करण्याचें. खेळाचे नियम ज्यानें स्वतः लिहिले त्यालाच पहिलें धैर्य पुरेसें नाहीं असें हिंदुस्थानांत येऊन कळलें, यांत मोठा बोध आहे. दैव असें कीं, इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याचा चषक आमच्याच रुपयांचा आहे. कलकत्त्याचा क्लब मोडला तेव्हां पेढींतील शिल्लक रुपये वितळवून तो घडविला गेला. त्याच्या मुठी नागाच्या आहेत व झांकणावर हत्ती आहे. तो चषक सर्वांस ठाऊक आहे. ‘ओकफील्ड’ कोणी वाचत नाहीं.

तिसरी कादंबरी १९१७ ची. ॲलेक वॉ यानें ती सतराव्या वर्षीं, शाळा सोडल्यावर लष्करी शिक्षण घेत असतां लिहिली. तिचा नायक गॉर्डन कॅरदर्स खेळांत चमकतो व त्यामुळें त्यास सर्व कांहीं माफ होतें. अभ्यासांतील लबाडीकडे कोणी पाहत नाहीं. खेळांचे सर्वाधिकारी शिक्षक आणि त्याचें हाउस यांच्यांत सामन्यांवरून वैर पेटतें. आणि या गदारोळांत एके दिवशीं त्याला कवितेचा शोध लागतो. पुस्तक लांबलेलें आहे, सामन्यांमागून सामने येतात, व भाषा ठिकठिकाणीं कच्ची आहे. तरी आम्ही त्यास तिन्हींत अधिक प्रामाणिक म्हणूं. कारण क्रीडापूजेचा धिक्कार करणारा हा लेखक सामन्याचें वर्णन करूं लागला कीं त्याची लेखणी आवरत नाहीं. ज्या नशेची तो निंदा करतो ती त्याच्या रक्तांतून उतरलेली नाहीं. बाहेरच्या टीकाकारास असें लिहितां आलें नसतें. शाळेच्या माजी विद्यार्थी-मंडळानें त्याचें नांव काढून टाकलें. तो त्या वेळीं फ्रान्सांतील रणांगणाच्या वाटेवर होता; १९१८ सालीं तो जर्मनांच्या कैदेंत सांपडला. खेळानें शिकविलेलें धैर्य त्याच्यांत नव्हतें, असें कोणासही म्हणतां येणार नाहीं.

मग या साऱ्याचा निष्कर्ष काय? हा केवळ ग्रंथांचा वाद असता तर आम्हीं एवढा वेळ घेतला नसता. २०११ सालीं उत्तर आयर्लंडांत चौदा वर्षांचा एक मुलगा शालेय सामन्यांत डोक्यास मार लागूनही खेळत राहिला, पुनः आपटला, आणि मरण पावला. पहिल्या आघातांतून मेंदू सांवरण्यापूर्वींच त्यास दुसरा आघात झाला, असा २०१३ च्या चौकशीचा निर्णय झाला. टॉम ब्राउन ढिगाखालून उठला म्हणून कादंबरी पुढें चालली. हा मुलगा उठला नाहीं. ज्या गुणास ह्यूजनें शाबासकी दिली, त्याच गुणाचा हा शेवट होता. पुढें २०१५ सालीं स्कॉटलंडांत सर्व खेळांसाठीं असा नियम सांगण्यांत आला कीं, मेंदूस इजा झाल्याची शंका जरी आली तरी खेळाडूस बाहेर बसवावें. आणि २०२३ पासून इंग्लंडांतील शाळांच्या व हौशी सामन्यांत छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाच्या वर मिठी घालण्यास मनाई झाली. शंका आली तर आरडाओरडा करणाऱ्यांच्या विरुद्ध निकाल द्यावा, हा आमंडचा विनोद येथें गंभीर अर्थानें खरा ठरतो. रेषेबाहेरचा गलबला नेहमीं मुलास आंतच ठेवूं पाहतो.

आम्ही खेळाचे वैरी नाहीं. एकट्याच्या कीर्तीपेक्षां सोबत्याच्या हातीं चेंडू देणें श्रेष्ठ, ही गोष्ट व्याख्यानांनीं शिकवितां येत नाहीं. ती मैदानावरच शिकतां येते. परंतु ती कोणीही प्रेक्षक नसतांनाही शिकतां येते, हें विसरून चालणार नाहीं. आमच्या मध्यमवर्गांतील पुष्कळ कुटुंबें आतां पांचगणीसारख्या ठिकाणीं वसतिगृह-शाळांत मुलें धाडतात, व त्या शाळांचे नमुने सातासमुद्रांपलीकडचे असतात. त्या आईबापांनीं ‘टॉम ब्राउन’ अवश्य वाचावें. त्यांत आनंद आहे. मात्र तें मिटण्यापूर्वीं आर्थरचीं प्रकरणेंही वाचावीं, आणि शेजारीं ‘ओकफील्ड’ ठेवावें. हंगाम संपून मुलगा घरीं आला म्हणजे किती सामने जिंकले हें सर्वच विचारतात. कधीं बाहेर बसावेंसें वाटलें होतें काय आणि तें सांगण्याचें धैर्य झालें काय, हेंही त्यास एकदां विचारावें.